शनिवारची रात्र आणि जागेचे मोल
(शताब्दी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत आतापर्यंत ग्रंथांवर, नाटकांवर आणि सयाजीराव महाराजांच्या ग्रंथालयविषयक धोरणावर अधिकारी वक्त्यांची भाषणे झाली. त्यांच्यामागून मी उभा राहून एका अमेरिकन रेडिओ कंपनीची हकीकत सांगणार, हे पत्रिकेत वाचून काहींना नवल वाटले असेल. त्याचा खुलासा आधी करतो. कार्यवाहांनी मला दिलेला विषय 'संस्था आणि स्थावर मालमत्ता' असा होता. आपल्या वाचनालयाची जुनी इमारत आज भर बाजारात आली आहे. तिच्या जागी नवी इमारत उठवावी, रस्त्याकडे दुकानांचे गाळे काढावेत, वरचे मजले कचेऱ्यांना भाड्याने द्यावेत आणि त्या भाड्यावर वाचनालय निर्वेधपणे चालवावे, असा एक विचार गेल्या वार्षिक सभेत मांडला गेला. त्याला विरोधही तेवढाच झाला. त्या वादात निवाडा देण्याचा मला अधिकार नाही. मी आयुष्यभर वाणिज्य शाखेत शिकवत आलेला मनुष्य आहे. नेमक्या याच पेचातून गेलेली, आणि वयाने आपल्या वाचनालयाच्या जवळजवळ बरोबरीची, अशी एक संस्था मला अभ्यासाच्या निमित्ताने ठाऊक झाली. तिची कथा तपशिलाने सांगावी, म्हणजे आपल्या चर्चेला काही धरबंध येईल, असे मला वाटले.

आपल्याकडे रेडिओ म्हटले की सरकार डोळ्यांपुढे येते. खाजगी कंपनीने रेडिओ चालवण्याचा प्रयत्न आपल्याकडेही झाला होता. १९२७ साली मुंबई व कलकत्ता येथे 'इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी'ने केंद्रे काढली, पण तीन वर्षांच्या आत, १९३० साली, ती कंपनी दिवाळ्यात निघाली आणि सरकारने तो पसारा ताब्यात घेतला. काही संस्थानांची स्वतःची केंद्रे होती. आपल्या बडोद्याचेही होते, आणि पुढे ते आकाशवाणीकडे गेले. खाजगी केंद्रे पुन्हा यायला २००१ साल उजाडावे लागले. अमेरिकेत मात्र पहिल्यापासून रेडिओ हा खाजगी धंदा. वर्तमानपत्राचा मालक, विमा कंपनी, पिठाच्या गिरणीचा मालक, कोणीही परवाना काढावा आणि मनोरा उभारावा. त्यामुळे एकेका शहरातील एकेक केंद्र एकेका घराण्याचे झाले. बापाने सुरू केले, मुलाने वाढवले, नातवाने विकले, अशी तिथली साधारण वंशावळ आहे. विकल्यावर पैसा कोठे गेला, हा आजचा विषय.

मी सांगणार आहे त्या कंपनीत दोन धारा येऊन मिळाल्या आहेत. पहिली टेनेसी राज्यातील नॅशव्हिल या शहरातली. तेथे 'नॅशनल लाइफ अँड अॅक्सिडेंट' नावाची विमा कंपनी होती आणि तिची सूत्रे काही मोजक्या कुटुंबांकडे होती. गोरगरिबांना आठवड्याच्या आठवड्याला दारात येऊन काही सेंटांचा हप्ता गोळा करणारा असा तिचा विमा. संस्थापकांपैकी एकाचे चिरंजीव एडविन क्रेग यांना रेडिओचा नाद होता. त्यांनी वडिलधाऱ्यांचे मन वळवले आणि ५ ऑक्टोबर १९२५ रोजी कंपनीच्या मुख्य कचेरीतच, पाचव्या मजल्यावर, केंद्र सुरू झाले. 'आम्ही लाखोंचे रक्षण करतो' या अर्थाच्या कंपनीच्या इंग्रजी ब्रीदवाक्याची आद्याक्षरे घेऊन त्याचे नाव 'डब्ल्यूएसएम' ठेवले. म्हणजे नावातच जाहिरात.

त्याच वर्षी २८ नोव्हेंबरच्या शनिवारी जिमी थॉम्प्सन नावाच्या सत्त्याहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याने तेथे फिडल वाजवले. खेड्यातले वादन रेडिओवर ऐकून श्रोत्यांच्या पत्रांचा ढीग लागला, आणि जॉर्ज हे या चतुर कार्यक्रमप्रमुखाने ती शनिवारची बैठक कायमची केली. दोन वर्षांनी त्याच केंद्रावर अभिजात संगीताचा एक भारदस्त कार्यक्रम संपल्याबरोबर, 'ग्रँड ऑपेरा ऐकलात, आता आमचा ग्रँड ओल ऑप्री ऐका' अशा अर्थाचा विनोद त्याने केला. तेच नाव रूढ झाले. त्या रात्री पहिला वाजवणारा डीफोर्ड बेली हा कृष्णवर्णीय माउथ ऑर्गनवादक होता. १९४१ साली त्याला कार्यक्रमातून काढून टाकण्यात आले आणि पुढे त्याने बूट पुसण्याचे दुकान चालवून पोट भरले. जुन्या संस्थेचे गोडवे गाताना असली पाने उलटून जाऊ नयेत, म्हणून सांगितले.

आपल्यापैकी ज्यांनी रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' ऐकली असेल त्यांना पुढचा भाग समजावून सांगण्याची गरज नाही. टूथपेस्ट खपावी म्हणून गाणी, आणि गाण्यांसाठी बुधवारची रात्र घरोघरी राखून ठेवलेली. नॅशव्हिलमध्ये हेच झाले. विमा एजंट दार ठोठावताना विमा कंपनीचे नाव सांगण्याआधी ऑप्रीचे सांगत. १९३२ साली केंद्राला ५० किलोवॅटचा प्रक्षेपक आणि ८०० फुटांहून उंच मनोरा मिळाला. मध्यम लहरी रात्री आयनांबरावरून परावर्तित होऊन शेकडो मैल दूर उतरतात. ६५० किलोहर्ट्झ ही लहर रात्री देशभर या एकट्या केंद्रासाठी राखलेली होती. त्यामुळे शनिवारी रात्री अर्ध्याअधिक अमेरिकेत नॅशव्हिल ऐकू येई.

येथपर्यंत जमिनीचा संबंध नाही. तो आला श्रोत्यांमुळे. जे कानांनी ऐकले ते डोळ्यांनी पाहावे म्हणून लोक नॅशव्हिलला येऊ लागले. पाचव्या मजल्यावरची खोली अपुरी पडली. एकामागून एक सभागृहे बदलत १९४३ साली ऑप्री 'रायमन ऑडिटोरियम'मध्ये आली. टॉमस रायमन नावाच्या नावाड्याने (त्याच्या मालकीच्या अनेक आगबोटी होत्या) एका धर्मोपदेशकाचे प्रवचन ऐकून प्रभावित होऊन उभारलेले, १८९२ साली पूर्ण झालेले हे विटांचे प्रार्थनागृह. बसायला चर्चमधली लाकडी बाके, उन्हाळ्यात अंगाची लाही, कलावंतांना कपडे बदलायला धड जागा नाही. पण आवाज असा घुमे की गायकांना दुसरे सभागृह नको वाटे. १९६३ साली विमा कंपनीने ही वास्तू २,०७,५०० डॉलरना विकत घेतली.

मग विमा कंपनीने हिशेब मांडला. लोक दूरदुरून येतात, मोटारी उभ्या करतात, जेवतात, राहतात. आणि हा सारा पैसा शहरातले दुसरे लोक मिळवतात. तेव्हा आपणच जागा घ्यावी. कंबरलँड नदीच्या वळणावर काही शे एकर शेतजमीन घेतली गेली. १९७२ साली तेथे 'ऑप्रीलँड' हे संगीताचे व पाळण्यांचे उद्यान उघडले, १९७४ साली ४,४०० आसनांचे नवे सभागृह आणि १९७७ साली सुमारे ६०० खोल्यांचे हॉटेल. पुढे त्याच हॉटेलात काचेच्या छपराखाली बागा आल्या, धबधबे आले, १९९६ साली तर आतून वाहणारी नदी आणि तीत फिरणाऱ्या होड्या आल्या. खोल्यांची संख्या आज २,८८८ आहे. एका शनिवारच्या कार्यक्रमाच्या पोटातून हा गाव जन्मला.

रायमनचे मात्र काय करायचे? नवे सभागृह होताच जुने पाडावे, आणि त्याच्या विटा-लाकडांतून उद्यानात एक छोटे चर्च बांधावे, अशी मालकांची योजना होती. हे जाहीर होताच निषेधाचे वादळ उठले. न्यूयॉर्क टाइम्सच्या वास्तुसमीक्षक एडा लुईस हक्स्टेबल यांनी त्या कल्पनेचा खरपूस समाचार घेतला. इतिहासप्रेमी नागरिक पुढे आले. पाडकाम टळले. पण दुरुस्तीला पैसा दिला गेला नाही, आणि पुढली वीस वर्षे ती वास्तू प्रवाशांना दाखवण्यापुरती उघडी राहिली. १९९१ साली एमिलू हॅरिस या गायिकेने तेथे गाऊन ध्वनिमुद्रण केले, तेव्हा इमारत इतकी धोक्याची झाली होती की मोजक्या सुमारे दोनशे श्रोत्यांनाच आत घेण्यात आले. हे ध्वनिमुद्रण गाजल्यावर मालकांचे डोळे उघडले आणि १९९४ साली जीर्णोद्धार होऊन रायमन पुन्हा नांदते झाले. आज त्या कंपनीच्या मिळकतींत तिचे नाव अग्रभागी आहे. मात्र मालकांच्या तेव्हाच्या हिशेबात ती निव्वळ ओझे होती, आणि ज्यांनी ती वाचवली त्यांचा तिच्यात एक पैचाही भाग नव्हता, हे लक्षात असू द्यावे.

आता दुसरी धारा. ओक्लाहोमा शहरात एडवर्ड किंग गेलॉर्ड हे गृहस्थ विसाव्या शतकाच्या आरंभी येऊन वर्तमानपत्रात भागीदार झाले, आणि १९२८ साली त्यांनी तेथले 'डब्ल्यूकेवाय' हे रेडिओ केंद्र विकत घेतले. १९४९ साली दूरचित्रवाणी केंद्र काढले, तेही त्या राज्यातले पहिले. १९७४ साली १०१ वर्षांचे होऊन ते वारले, तोवर सूत्रे त्यांच्याच हाती. त्यांच्यामागे पुत्र एडवर्ड एल. गेलॉर्ड यांनी कारभार घेतला. वर्तमानपत्र, रेडिओ आणि दूरचित्रवाणी यांच्यापलीकडे त्यांची नजर गेली नव्हती असे मुळीच नाही, पण घराण्याची ओळख तीच होती.

या दोन धारा १९८३ साली मिळाल्या. आदल्या वर्षी नॅशव्हिलची विमा कंपनी ह्यूस्टनच्या एका मोठ्या विमा कंपनीने गिळली होती. नव्या धन्यांना विम्याशी कर्तव्य होते. फिडल, पाळणे आणि होड्या त्यांना नको होत्या. त्यांनी हा सगळा संच विकायला काढला, आणि गेलॉर्ड घराण्याने सुमारे २५ कोटी डॉलर मोजून केंद्र, कार्यक्रम, दोन सभागृहे, उद्यान व हॉटेल एकगठ्ठा घेतले. गेलॉर्ड यांना ऑप्रीचे संगीत मनापासून आवडत असे. केवळ आकडेमोड करणाऱ्याने हा सौदा केला असता की नाही, शंका आहे. १९९१ साली या कंपनीचे भाग शेअर बाजारात आले. घरच्या धंद्यात बाहेरचा भागधारक आला, आणि माझ्या मते खरी कलाटणी तेथे आहे. घरचा मालक एखादी गोष्ट आवडते म्हणून तोट्यात चालवू शकतो. बाजारातल्या भागधारकाला दर तीन महिन्यांनी आकडा दाखवावा लागतो.

दरम्यान रेडिओच्या धंद्याचेच पाणी आटत होते. संगीत ऐकणारे एफएमकडे गेले, मध्यम लहरींवर गप्पा, खेळ आणि प्रवचने उरली. १९९६ च्या दूरसंचार कायद्याने एका मालकाकडे देशभर किती केंद्रे असावीत यावरची मर्यादाच उठवली. मग बड्या साखळ्यांनी घराण्यांची केंद्रे शेकड्यांनी विकत घेतली, एकीकडे तर बाराशेच्या वर केंद्रे जमली. भाव चढले, आणि ज्या घराण्यांनी तीन पिढ्या केंद्र सांभाळले त्यांना विकणे शहाणपणाचे वाटू लागले. आलेला पैसा पुष्कळांनी जमिनीत आणि इमारतींत घातला. यात आणखी एक मौज आहे. मध्यम लहरींच्या मनोऱ्याभोवती जमिनीखाली तांब्याच्या तारांचे जाळे पसरावे लागते. त्यासाठी पूर्वी शहराबाहेर एकरांनी माळरान घेतले जाई. शहर वाढत वाढत त्या माळापर्यंत आले, आणि एके दिवशी मालकाच्या ध्यानात आले की केंद्रापेक्षा मनोऱ्याखालची माती महाग आहे. वॉशिंग्टनजवळ बेथेस्डा येथील डब्ल्यूएमएएल केंद्राची अशीच सुमारे ७५ एकर जागा घरे बांधण्यासाठी सात कोटी डॉलरांहून अधिक किमतीला गेली आणि २०२० साली तिथले मनोरे खाली आले. जमीन घेताना ती रेडिओसाठी घेतली होती. विकताना रेडिओ हीच अडचण ठरली.

गेलॉर्ड कंपनीचे पाऊलही त्याच दिशेने पडत गेले. १९९७ साली तिने आपल्या दोन संगीतविषयक केबल वाहिन्या वेस्टिंगहाउसला सुमारे १५५ कोटी डॉलर किमतीच्या भागांच्या बदल्यात दिल्या. त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला ऑप्रीलँड उद्यान बंद झाले. उद्यान तोट्यात होते म्हणून नव्हे. ते हिवाळ्यात बंद असे, नदी आणि हमरस्ता यांच्यामध्ये वाढायला जागा नव्हती, आणि तितक्याच जमिनीवर बारमाही बाजार उभा केला तर प्रतिएकर उत्पन्न अधिक, असा तो हिशेब होता. २००० साली तेथे 'ऑप्री मिल्स' हे प्रचंड विक्रीकेंद्र उघडले. त्या निर्णयाबद्दल नॅशव्हिलमध्ये आजही हळहळ व्यक्त होते. ज्या पाळण्यांमुळे मुले आईबापांना ओढून आणीत आणि मग सारे कुटुंब रात्री ऑप्रीला बसे, तो दुवा तुटला. प्रतिएकर उत्पन्नाच्या कोष्टकात असल्या दुव्याला रकाना नसतो.

२००१ साली घराण्याच्या तिसऱ्या पिढीने अध्यक्षपद सोडले. त्याच वर्षी हॉटेल-व्यवसायात मुरलेले कॉलिन रीड मुख्याधिकारी झाले. कंपनी अडचणीत होती, आणि त्यांनी निवडलेला रस्ता सरळ होता. मोठमोठ्या परिषदा भरवण्याजोगी अवाढव्य हॉटेले बांधायची. परिषदा कित्येक वर्षे आधी ठरतात, त्यामुळे उत्पन्नाची खात्री असते. २००२ साली फ्लोरिडात, २००४ साली टेक्सासमध्ये, २००८ साली वॉशिंग्टनजवळ अशी हॉटेले उभी राहिली. त्या सुमारासच एक अफवा पसरली की डब्ल्यूएसएमवरचे जुने संगीत बंद करून तेथे खेळांचे वर्णन व चर्चा सुरू होणार. श्रोते खवळले. कलावंत आणि चाहते निषेधाला उभे राहिले, पत्रांचा पुन्हा ढीग लागला, आणि २००२ च्या आरंभी कंपनीने संगीतच चालू राहील असे जाहीर केले. पुढच्या वर्षी तिने आपली एक एफएम व एक चर्चाप्रधान केंद्र ६ कोटी २५ लाख डॉलरना विकून टाकले. १९२५ चे मूळ केंद्र मात्र राखले. आता त्याचा स्टुडिओ हॉटेलच्या दर्शनी दालनात, काचेआड होता. एके काळी रेडिओमुळे हॉटेल उभे राहिले होते. आता हॉटेलातले पाहुणे जाता येता रेडिओ पाहत.

एडवर्ड एल. गेलॉर्ड २००३ साली निवर्तले. ओक्लाहोमातले 'डब्ल्यूकेवाय' केंद्र घराण्याने आधीच विकले होते. वर्तमानपत्र २०११ साली गेले.

मे २०१० मध्ये कंबरलँड नदीला महापूर आला. ऑप्रीच्या सभागृहाच्या रंगमंचावर सुमारे चार फूट पाणी चढले. हॉटेलात काही ठिकाणी दहा फूट. पंधराशेच्या वर पाहुण्यांना रात्रीच्या रात्री जवळच्या शाळेत हलवावे लागले. हॉटेल नोव्हेंबरपर्यंत बंद राहिले, सभागृह सप्टेंबर अखेरपर्यंत. स्टुडिओ बुडाला, तेव्हा केंद्राची माणसे त्या १९३२ च्या मनोऱ्यापाशी गेली आणि तेथून ध्वनिक्षेपण चालू ठेवले. कार्यक्रमाचे काय झाले? तो पुराच्याच आठवड्यात शहरातल्या वॉर मेमोरियल सभागृहात झाला, नंतर रायमनमध्ये झाला, आणखी एकदोन ठिकाणी झाला. शनिवार चुकला नाही. वीस-पंचवीस कोटींची वास्तू महिनोन्महिने चिखलात होती, तिचे उत्पन्न शून्यावर होते, आणि तिच्याविना कार्यक्रम चालला. पस्तीस वर्षांपूर्वी पाडायला निघालेली रायमन त्या दिवसांत उपयोगी पडली. या सबंध हकीकतीतला मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग हा आहे.

दोन वर्षांनी शेवटचे स्थित्यंतर झाले. ते समजण्यासाठी थोडा कायदा पाहावा लागेल. अमेरिकेत १९६० साली एक तरतूद झाली. एखाद्या कंपनीने आपली मत्ता व उत्पन्न मुख्यत्वे स्थावर मालमत्तेत ठेवले आणि करपात्र उत्पन्नाचा किमान नव्वद टक्के भाग दरवर्षी भागधारकांना वाटला, तर त्या वाटलेल्या रकमेवर कंपनीला आयकर पडत नाही. व्यवहारात अशा कंपनीला 'रीट' म्हणतात. सेबीने २०१४ साली नियम केल्यावर आपल्याकडेही त्या आल्या, आणि २०१९ साली त्यांतली पहिली शेअर बाजारात आली. मात्र अट अशी की रीटने मालक असावे, हॉटेलवाला असू नये. हॉटेल चालवायला दुसरा पाहिजे. म्हणून २०१२ साली गेलॉर्ड कंपनीने आपल्या हॉटेलांचे नाव आणि ती चालवण्याचा हक्क मॅरियटला २१ कोटी डॉलरना विकला. इमारती स्वतःकडे ठेवल्या, पूर्वीचा साठलेला नफा विशेष लाभांश म्हणून वाटून टाकला, आणि १ जानेवारी २०१३ पासून ती रीट झाली.

नाव विकल्यावर कंपनीला नवे नाव हवे झाले. तिने 'रायमन हॉस्पिटॅलिटी प्रॉपर्टीज' हे घेतले. वर्तमानपत्र आणि रेडिओ यांवर उभ्या राहिलेल्या गेलॉर्ड घराण्याचे नाव आज परक्या कंपनीच्या हॉटेलांवर झळकते, आणि अब्जावधींच्या स्थावर मालमत्तेवर त्या आगबोटवाल्याचे. त्याने ते प्रार्थनागृह कोणालाही आत येता यावे म्हणून बांधले होते.

रेडिओ केंद्र आणि ऑप्री या रीटच्या पोटात एका वेगळ्या, नेहमीप्रमाणे कर भरणाऱ्या उपकंपनीत ठेवले गेले. कायद्याने तसे करणे भागच होते, परंतु परिणाम चांगला झाला. कार्यक्रमाचा जमाखर्च हॉटेलांच्या जमाखर्चापासून वेगळा दिसू लागला, आणि त्याची स्वतंत्र किंमत कळली. २०२२ साली त्या मनोरंजन-उपकंपनीचा तीस टक्के हिस्सा एका गुंतवणूक कंपनीने व एनबीसी युनिव्हर्सलने मिळून सुमारे ३० कोटी डॉलरना घेतला. १९८३ मध्ये सगळा संच, जमीन-हॉटेलासकट, जेवढ्याला आला होता त्याहून हा नुसता तिसरा हिस्सा महाग. चलनवाढ धरली तरी विचार करण्याजोगे आहे. २८ नोव्हेंबर २०२५ रोजी ऑप्रीला शंभर वर्षे झाली.

आता आपल्या दाराशी येतो. मी गाळे काढण्याच्या विरुद्ध नाही. मराठी मुलखाबाहेरची अनेक जुनी वाचनालये, आणि मुलखातलीही, दुकानांच्या भाड्यावरच दिवाबत्ती करतात. वर्गणीवर आज कोणतेही वाचनालय चालत नाही, हे खजिनदार आपल्याला दरवर्षी सांगतात आणि आपण दरवर्षी मान हलवतो. नॅशव्हिलच्या लोकांनी जमीन घेतली हे मला चूक वाटत नाही. हॉटेल नसते तर २००२ साली तोट्यातले केंद्र संगीतासाठी राखणे कंपनीला परवडले असते काय, हाही प्रश्न आहेच. मला धोका दिसतो तो वेगळ्या ठिकाणी. पाळण्यांचे उद्यान ज्या दिवशी प्रतिएकर उत्पन्नाने मोजले गेले, त्या दिवशी ते गेले. आपले वृत्तपत्रांचे टेबल, बालविभाग आणि दुपारी नुसते पंख्याखाली येऊन बसणारे चार वृद्ध वाचक यांना उद्या प्रतिचौरसफूट भाड्याने मोजले, तर त्यांतले काहीही टिकणार नाही. कोणी वाईट बुद्धीने मोजेल असे नाही. भाडेकरू दारात उभा असला की माणूस मोजू लागतोच.

म्हणून मंडळापुढे मी तीन-चार गोष्टी लेखी ठेवल्या आहेत, त्या येथे बोलून दाखवतो. नवी इमारत झाल्यास वाचनकक्ष तळमजल्यावरच राहील, जिन्यावर ढकलला जाणार नाही, असे घटनेतच लिहावे. पुढच्या मंडळाला साध्या ठरावाने ते बदलता येऊ नये. भाड्याचे खाते आणि ग्रंथांचे खाते निरनिराळे असावे, आणि वार्षिक अहवालात ग्रंथखरेदीचा आकडा भाड्याच्या आकड्याच्या आधी छापावा. जुन्या दिवाणखान्याचे सागवानी कपाट व त्यामागची भिंत जशीच्या तशी नव्या वास्तूत बसवता येईल काय, हे अभियंत्याला विचारावे. ऑप्रीवाल्यांनी रायमनच्या रंगमंचाचा सहा फूट व्यासाचा एक गोल तुकडा कापून नव्या सभागृहाच्या मध्यभागी बसवला आहे, आणि आजचा गायक त्यावर उभा राहून गातो. महापुरात तोही बुडाला होता. पुसून, वाळवून पुन्हा बसवला.

आणि सर्वांत महत्त्वाचे, बांधकामाच्या काळात पुस्तके गोण्यांत बांधून कोठारात टाकू नयेत. दोन वर्षांची बंदी म्हणजे वाचकांची सवय मोडणे होय. पर्यायी जागा आधी ठरवावी, मग कुदळ मारावी. आपल्या एका सभासदांनी त्यांच्या घराची ओसरी व माजघर त्यासाठी देऊ केले असल्याचे कार्यवाह मघाशी मला सांगत होते. तसे असेल तर ते पत्र इतिवृत्तात नोंदवून घ्यावे, ही विनंती करतो. सभासदांना काही विचारावयाचे असल्यास मी येथे थांबलेलो आहे.